बाद पिशव्यांचा हिशेब

सोलापुरात पुढाऱ्याचा वाढदिवस म्हणजे रक्तदान शिबिर. जयंती आली की शिबिर, गणपती बसले की शिबिर, उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा पडला की पुन्हा शिबिर. दात्याला प्रमाणपत्र मिळतं, मंडळाचा फोटो पेपरात येतो आणि पिशव्या रक्तपेढीत जातात. तिथे प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी करणं कायद्याने बंधनकारक आहे: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, मलेरिया आणि सिफिलीस, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा उपदंश. सिफिलीससाठी जी पिशवी 'रिअ‍ॅक्टिव्ह' निघते, म्हणजे लागणीची खूण दाखवते, ती बाद होते, आणि रजिस्टरमध्ये एक ओळ पडते.

या ओळी वर्षभर साठत राहतात. स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या, हौसेने बाही वर करणाऱ्या सोलापूरकरांपैकी किती जणांच्या रक्तात सिफिलीसच्या खुणा सापडतात, याचा सगळ्यात स्वस्त अंदाज त्या रजिस्टरांत आयता पडलेला आहे. दात्याला बोलावून सांगावं, पुढच्या तपासणीला पाठवावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण शिबिराच्या गर्दीत लिहिलेला मोबाइल नंबर लागत नाही, आणि लागला तरी असली गोष्ट फोनवर सांगायची कशी, हा प्रश्न तंत्रज्ञाला पडतो. महिन्याचा अहवाल वर जातो, म्हणजे मुंबईला. ज्या गावातून रक्त आलं त्या गावाला मात्र त्यातलं काहीच कळत नाही.

डेंग्यूचं बघा. दर पावसाळ्यात संशयित किती, निश्चित किती, कुठल्या पेठेत डास जास्त, सगळं छापून येतं आणि गल्लीत धुराचं मशीन फिरतं. (त्या धुराने डेंग्यू किती आटोक्यात येतो हा वेगळा विषय.) सोलापुरातला सिफिलीसचा आकडा पेपरात शेवटचा कधी वाचला, जरा आठवून पाहा. माझी मागणी साधी आहे. हा आकडा दर तीन महिन्यांनी, शहराचा झोनवार आणि जिल्ह्याचा तालुकावार, जाहीर व्हावा. आणि त्याच्याशेजारी, सापडलेल्यांपैकी किती जणांना पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं, हेही छापलं जावं. त्यासाठी नवी इमारत, नवं ॲप, नवी योजना काही लागत नाही. जे रक्त आपण आधीच काढतो, तपासतो आणि नोंदवतो, त्या नोंदी कुणीतरी एका टेबलावर आणून एकत्र वाचायच्या आहेत.

'हा आजार तर आजोबांच्या काळातला' असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचं उदाहरण बघावं. १९९९ साली तिथे सिफिलीस देशातून हद्दपार करण्याची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. २००० साली सुरुवातीच्या दोन टप्प्यांतले, म्हणजे जखम आणि पुरळ असलेले, रुग्ण सहा हजारांच्याही खाली आले. १९४१ पासून नोंदी ठेवल्या जाताहेत, तेव्हापासूनचा तो नीचांक. मग लक्ष उडालं, पैसा आटला, गुप्तरोगांचे सरकारी दवाखाने एकेक करून बंद पडले. २०२२ मध्ये याच दोन टप्प्यांतल्या रुग्णांची संख्या ५९ हजारांवर गेली, म्हणजे जवळपास दहापट. त्या एका वर्षात तिथे जन्मजात सिफिलीसच्या ३,७५५ नोंदी झाल्या. वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर यातल्या दहापैकी जवळपास नऊ टळल्या असत्या, हे त्यांच्याच रोगनियंत्रण संस्थेचं म्हणणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात १५ ते ४९ वयोगटात सिफिलीसची ८० लाख नवी लागण झाली. २०२० मध्ये हाच आकडा ७१ लाख होता. भारतातल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांनीही हे रुग्ण पुन्हा दिसू लागल्याचं नोंदवलं आहे.

आता सोलापूर. राष्ट्रीय महामार्ग इथे मिळतात, रेल्वेचं जंक्शन आहे, पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूरची वर्दळ बारमाही आहे. पण हे सांगितलं की लगेच कुणीतरी ट्रक ड्रायव्हरकडे बोट दाखवतं आणि बाकीचं शहर हात झटकून मोकळं होतं. एचआयव्हीच्या काळात आपण हेच केलं होतं. म्हणून मी मुद्दाम रक्तपेढीपासून सुरुवात केली. तिथे रांगेत उभे असतात ते मंडळाचे कार्यकर्ते, कॉलेजची पोरं, बँकेतले कारकून.

या आजारावर नजर ठेवण्याची गरज इतर आजारांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचं कारण आजाराच्या स्वभावात आहे. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड किंवा जखम येते. ती दुखत नाही. काही आठवड्यांत, औषध घ्या न घ्या, आपोआप भरून येते. एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' लिहिणाऱ्यांचा धंदा याच गुणावर चालतो. त्याच्या पुड्या खाल्ल्या आणि जखम गेली; माणूस त्याला दुवा देतो आणि घरी जातो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, अनेकदा तळहात-तळपायांवरही. मेडिकलवाला ॲलर्जीची गोळी देतो. तेही जातं. त्यानंतर सुरू होते ती शांतता, जी वर्षानुवर्षं टिकते. काहींच्या बाबतीत पुढे हृदय, मेंदू, डोळे धरतात. तोपर्यंत तरुणपणीची ती जखम कुणाच्या लक्षातही नसते.

सरकारी दवाखान्यांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या विभागात, लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आहे. कुठल्या लक्षणाला कुठल्या रंगाचं किट, हे ठरलेलं असतं. जननेंद्रियावर व्रण असेल आणि तो नागिणीच्या जातीचा नसेल तर पांढरं. रुग्ण समोर असताना ही पद्धत चांगली, कारण तो पुन्हा येईल याचा भरवसा नसतो. पण मोजणीसाठी ती अपुरी पडते. तिथे नोंद होते व्रणाची. शांत टप्प्यातल्या माणसाला व्रणच नसतो, मग तो क्लिनिकमध्ये येतोच कशाला? त्याचं अस्तित्व फक्त रक्तात कळतं. आणि रक्त आपण मोठ्या संख्येने कुणाचं तपासतो? दात्यांचं आणि गरोदर बायकांचं.

गरोदर बायकांपाशी हा विषय सगळ्यात गंभीर होतो. आईचा सिफिलीस वारेतून बाळापर्यंत जातो. उपचार झाला नाही तर गर्भपात, मेलेलं मूल, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं मूल, नाहीतर जन्मतः निरोगी दिसणारं पण पुढे हाडं, दात, कान, डोळे बिघडत जाणारं मूल, यातलं काहीही होऊ शकतं. आणि उपचार काय? बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन. लागण अलीकडची असेल तर एकदा, कधीची ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी ते सुरू झालं पाहिजे. गरोदरपणात याला खात्रीचा पर्याय नाही. डॉक्सिसायक्लिन देता येत नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिनवर बाळासाठी विसंबता येत नाही. औषध जुनं, स्वस्त आणि अजूनही लागू पडणारं. तरीही अनेक ठिकाणी ते दिलं जात नाही, कारण पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन येईल या भीतीने डॉक्टर 'सिव्हिलला जा' म्हणून चिठ्ठी लिहितो. ती भीती अगदीच खोटी नाही, पण जीव धोक्यात आणणारी रिअ‍ॅक्शन विरळा असते आणि तिला तोंड द्यायला लागणारं अ‍ॅड्रेनालिन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच हवं.

चिठ्ठी लिहिली की बाई निसटते. पूर्व भागातली विडी कामगार घ्या. तिची कमाई हजारी विड्यांवर. सकाळचा केसपेपर, दुपारची रांग, 'रिपोर्ट उद्या' आणि 'इंजेक्शन सोमवारी', म्हणजे तिचे तीन दिवस गेले. कुंभारीच्या घरकुलातून निघायचं तर येण्याजाण्याचं भाडं वेगळं. तिथे तिला सगळं समजावलं जातं मराठीत, ती घरी बोलते तेलुगू. नवऱ्यालाही इंजेक्शन लागेल, नाहीतर तुला पुन्हा लागण होईल, हे वाक्य परक्या भाषेत, चारचौघांत ऐकल्यावर ती पुढच्या वेळी येईल असं आपण कशाच्या जोरावर धरतो? बोटाच्या एका थेंबात एचआयव्ही आणि सिफिलीस दोन्ही तपासणारं किट आहे, वीसेक मिनिटांत निकाल कळतो. तो निकाल आणि पहिलं इंजेक्शन एकाच सकाळी झालं तर निम्मं काम झालं. देशभर गरोदर मातांमध्ये एचआयव्हीची चाचणी नेटाने झाली आणि तिच्या तुलनेत सिफिलीसची मागे राहिली. सुई तीच, ताई तीच, टेबल तेच असताना असं का व्हावं, याचं उत्तर मला एकच दिसतं: एचआयव्हीचा आकडा वरून विचारला जात होता.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लवकर लक्षात येणार नाही. इथल्या बायका एका जागी राहून बाळंत होत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या कितीतरी सुनांचं माहेर विजयपूर नाहीतर कलबुर्गी जिल्ह्यात. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलीसची रक्तचाचणी, सासरी झाली, सातव्या महिन्यात ती सीमा ओलांडून गेली, बाळंत झाली ती कर्नाटकच्या दवाखान्यात. आईच्या रक्ताची नोंद महाराष्ट्राकडे, बाळाची कर्नाटककडे. मूल मृत जन्मलं तर 'नशिबात नव्हतं' म्हणून विषय संपतो, कारण या दोन नोंदी शेजारी ठेवायला कुणी बसलेलंच नाही. उलटही घडतं; तिकडच्या सुना बाळंतपणाला इकडे येतात.

दुसरीकडे ऊसतोड. साखर कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात पुढे. दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिवकडून टोळ्या उतरतात आणि गाळप संपेपर्यंत माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या फडांवर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, खाडा झाला की दंड. तिसऱ्या महिन्यात गावाहून निघालेली बाई आठव्या-नवव्या महिन्यात परतते, म्हणजे तपासणी आणि उपचाराचा सगळा काळ आपल्या जिल्ह्यात काढते. पण तिचं नाव आपल्या आशाताईच्या वहीत नाही, कारण ती 'आपली' नाही. तिच्या गावच्या आशाताईच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा. म्हणून जाहीर होणाऱ्या तक्त्यात पाहुण्या मातांचा वेगळा रकाना मी मागतो. फडावरच्या बायकांच्या तपासणीची एक तारीख कारखान्याने ठरवून द्यावी आणि त्या दिवशी खाडा धरू नये. एवढं करणं साखर कारखान्याला जड नाही.

मोजणी सुरू केली की आकड्यांचे घोटाळेही समजून घ्यावे लागतील. तपासण्या वाढवल्या की सापडणारेही वाढतात. म्हणून नुसता 'इतके रुग्ण' हा आकडा निरुपयोगी. किती तपासले त्यातले किती, हे हवं. दुसरं, चाचण्या दोन जातींच्या आहेत. व्हीडीआरएल किंवा आरपीआरमधून सध्याची हालचाल कळते, उपचारानंतर तिचं माप उतरतं. टीपीएचए आणि बहुतेक झटपट किट मात्र एकदा आजार होऊन बरा झाला तरी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहतात. एक रक्तपेढी एक चाचणी वापरते, दुसरी दुसरी. दोघींचे आकडे सरळ बेरजेत टाकले तर भलताच निष्कर्ष निघेल. गरोदरपणात, कुष्ठरोगात, काही तापांनंतर व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्हही येते, म्हणून दुसऱ्या चाचणीने पडताळा हवा. रक्तदाते म्हणजे बहुतांशी पुरुष, त्यात शंका असणारे आधीच मागे सरतात. त्यामुळे त्या आकड्यावरून शहराचं अचूक प्रमाण निघणार नाही. तो वर जातोय की खाली, एवढं मात्र तो प्रामाणिकपणे सांगेल. हे सगळं वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागातल्या कुठल्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला येतं. काम आहे, विद्या आहे, विद्यार्थी आहेत. आदेश नाही.

खरा अडथळा आढावा बैठकीत आहे. ज्या तालुक्याने जास्त रुग्ण शोधले त्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला उभं करून विचारलं जातं, 'तुमच्याकडेच का वाढले?' शेजारचा शून्य घेऊन बसलेला असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. एकदा असं झालं की पुढच्या बैठकीत सगळेच शून्याकडे सरकतात. पोलिओच्या काळात आपण याच्या उलट वागलो होतो. लुळेपणाच्या संशयित केसेस अपेक्षेपेक्षा कमी आल्या तर जिल्ह्याला जाब विचारला जायचा, कारण कमी नोंद म्हणजे शोध कमी पडला. सिफिलीसलाही तोच न्याय लावावा. शून्य सांगणाऱ्या तालुक्याने आधी तपासण्या किती केल्या ते दाखवावं. आणि जन्मजात सिफिलीसची एकेक घटना मातामृत्यूसारखी तपासावी: आईची पहिली तपासणी कधी झाली, निकाल कुणाकडे अडकला, इंजेक्शन का चुकलं, नवऱ्याला कुणी गाठलं का. अशा घटना मोजक्याच असतील, म्हणून तर प्रत्येकीचा माग काढणं शक्य आहे. श्रीलंकेने गावोगावच्या सुईणींच्या जाळ्याच्या बळावर हे करून दाखवलं. आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही आणि सिफिलीस संपवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता त्या देशाला २०१९ मध्ये मिळाली.

आता आक्षेप. 'पाळत' म्हटलं की माझ्याही कपाळावर आठी पडते. इंग्रजांनी १८६८ मध्ये याच आजारांच्या नावाखाली कायदा आणला. छावण्यांच्या आसपासच्या बायकांची नावनोंदणी, जबरदस्तीची तपासणी, आजारी निघाली की गुप्तरोगांच्या 'लॉक हॉस्पिटलात' कोंडणं. सगळा जाच बायकांना. गोऱ्या शिपायांतला आजार काही त्यामुळे हटला नाही, आणि १८८८ मध्ये तो कायदा गुंडाळावा लागला. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सिफिलीस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, पुढे आजार काय करतो ते बघायचं होतं म्हणून. आणि फार लांब कशाला जायचं? कोरोनाच्या पहिल्या लाटेत दारांवर पत्रे ठोकले, घरांवर स्टिकर लावले. लोक ताप लपवायला शिकले.

म्हणून माझ्या मागणीत नाव कुठेच येत नाही. दवाखान्याबाहेर जातील ते फक्त आकडे, वयोगट, तालुका. एखाद्या गावात एकच केस असेल तर गावाचं नावही जाता कामा नये. लहान गावात एक केस म्हणजे नाव सांगितल्यासारखंच. एचआयव्हीग्रस्तांची ओळख गुप्त ठेवण्याची हमी २०१७ च्या कायद्याने दिली आहे. सिफिलीसच्या नोंदींनाही तेवढंच कुलूप लागलं पाहिजे, मग कायद्यात तो शब्द असो वा नसो. जोडीदाराला बोलावण्याचं काम समुपदेशकाचं, तेही रुग्णाच्या संमतीने. आशाताईवर ते टाकू नये. ती त्याच गल्लीत राहते. आणि ज्या केंद्रात इंजेक्शन नाही तिथे चाचणीची मोहीम काढायची नाही. टस्कीगीनंतर एवढा नियम तरी जगाने शिकायला हरकत नाही.

खासगी क्षेत्राला वगळून यातलं काहीच जमणार नाही. शहरातल्या निम्म्याहून जास्त बाळंतपणाच्या फायली कदाचित खासगीतच असतील, आणि गल्लोगल्लीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज व्हीडीआरएल होतात. क्षयरोगाच्या बाबतीत २०१२ मध्ये नोंद देणं खासगी डॉक्टरांना बंधनकारक केलं तेव्हाही कुरकुर झाली होती. पुढे पोर्टल आलं, मानधन आलं, नोंदी वाढल्या. इथे तर नावपत्ता नको, महिन्याला दोन आकडे हवेत: किती तपासल्या, किती रिअ‍ॅक्टिव्ह. शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेने मनावर घेतलं तर आदेशाचीही वाट बघायला नको.

असा पहिला तक्ता निघेल तेव्हा मागच्या वर्षीपेक्षा आकडा वाढलेलाच दिसेल, कारण मागच्या वर्षी आपण मोजलंच नव्हतं. 'सोलापुरात गुप्तरोगाचा विळखा' असा मथळा तयारच असेल. महापालिकेतली कुणीतरी मंडळी शहराची बदनामी झाली म्हणून निवेदन देतील. त्या दिवशी बातमीदारांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना तक्त्यातल्या दुसऱ्या रकान्याबद्दल विचारावं: रिअ‍ॅक्टिव्ह निघालेल्या मातांपैकी किती जणींना त्याच दिवशी इंजेक्शन मिळालं, किती नवऱ्यांना मिळालं, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आज सकाळी बेन्झाथिनच्या किती बाटल्या शिल्लक आहेत.